आलेखबाईंची रेघ

आरोग्य खात्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लसींचा मोठा फ्रीज आणि झाडू ठेवायचं कपाट यांच्या मधल्या जागेत एक टेबल होतं. त्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस आलेखबाई म्हणायचं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं.

बाईंचं काम असं की, शहरातली माणसं इंटरनेटवर कोणत्या आजाराबद्दल काय विचारतात ते पाहायचं आणि साहेबांना सांगायचं. कोण विचारतं ते त्यांना कळत नसे. कुठल्या विभागातून, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या शब्दांत, एवढंच समोर येई. त्यावरून संगणक एक लाल रेघ काढायचा. विचारणारे वाढले की रेघ वर, कमी झाले की खाली. माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी, एवढंच काय पण बायकोला सांगण्याआधी फोनला विचारतो, त्यामुळे एखादी साथ दवाखान्यात पोचायच्या आत या रेघेवर दिसू शकते, असा त्यामागचा विचार होता.

बाईंना हे काम मनापासून आवडायचं. सगळं शहर आपल्या कानाशी येऊन कुजबुजतंय असं त्यांना वाटे. शाळांच्या परीक्षा जवळ आल्या की पोटदुखीची रेघ चढते, हे त्यांना ठाऊक होतं. टीव्हीवरच्या मालिकेतल्या नायकाला मेंदूची गाठ झाली तेव्हा अर्ध्या शहराचं डोकं दुखायला लागलं होतं आणि नायक बरा झाल्यावर तेही थांबलं होतं. केस गळण्याची चौकशी सर्वांत जास्त सरकारी कचेऱ्यांच्या विभागातून आणि नेमकी कामाच्या वेळात होई. हे मात्र त्यांनी साहेबांना कधी सांगितलं नाही, कारण साहेबांच्या डोक्यावर आता चौकशी करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

बघता बघता बाईंची नजर तयार झाली होती. आजारी माणूस ‘काय करू’ असं विचारतो. घाबरलेला माणूस ‘मला होईल का’ असं विचारतो. रेघ दोघांमुळे सारखीच चढते. फरक पाहायचा तर रेघेखालचे प्रश्न वाचावे लागतात. साहेब कधी ते प्रश्न वाचत नसत. त्यांना रेघ पुरे.

आणि नेमकी त्या हंगामात रेघ उठेचना. शेजारच्या गावात डोळे येण्याची साथ होती, म्हणून वरून हुकूम आला होता की डोळ्यांवर लक्ष ठेवा. बाईंनी ठेवलं. पण शहराचे डोळे ठणठणीत होते.

साहेब एकदा टेबलाशी येऊन उभे राहिले. “बाई, ही रेघ झोपलीय की मेलीय?”

“साहेब, निरोगी शहराची रेघ अशीच असते.”

“मग निरोगी शहराला टेबल कशाला?” साहेब म्हणाले. “लसींना दुसरा फ्रीज यायचाय. महिनाअखेरपर्यंत बघतो. तोवर या रेघेने काही केलं नाही तर तुम्ही खाली जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसा. तिथे माणूस कमी आहे.”

जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बाई पूर्वी बसल्या होत्या. तिथे माणसं हसत यायची किंवा रडत यायची, पण भांडायची मात्र दोन्ही प्रकारची.

रात्री जेवताना त्यांनी घरात सांगून टाकलं. घरात म्हणजे नवरा आणि सासूबाई. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याचा बोलण्यावर विश्वास कमी होता.

“रेघ वर गेली नाही तर टेबल जाणार,” बाई म्हणाल्या. “आता रेघ वर जावी म्हणून काय लोकांना आजारी पाडू?”

“छे, छे,” सासूबाई म्हणाल्या. “आजारी कशाला?” आणि विचारात पडल्या.

सासूबाई विचारात पडल्या की नवरा ताट घेऊन उठत असे. आयुष्यभराच्या अनुभवातून त्याने हा नियम केला होता. बाईंनी तो पाळायला हवा होता.

सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. एके काळी शहरातला प्रत्येक ट्रंक कॉल त्यांच्या हाताखालून गेला होता आणि त्यातले बरेचसे त्यांनी ऐकलेही होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून जमिनीवर त्यांना काठी लागे. पण डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि नगरपालिकेच्या तलावात त्यांना दुसरं आयुष्य मिळालं. पाण्यात उतरल्या की काठी कठड्यावर आणि सासूबाई मोकळ्या. सकाळच्या महिलांच्या वेळेत त्यांच्यासारख्याच निवृत्त बायकांचा एक जथा जमत असे. एक मुख्याध्यापिका, एक शिवणकाम करणारी, एक दंतवैद्याची आई, आणखी कोणकोण. तलावावरचा जीवरक्षक त्यांना बदकांची शाळा म्हणायचा. सासूबाई अर्थातच मोठं बदक.

पुढच्या आठवड्यात रेघ हलली.

आधी थोडीशी, मग चांगलीच. तलाव ज्या विभागात होता तिथून डोळ्यांची चौकशी एकदम वाढली. बघता बघता रेघ शंभरावर जाऊन टेकली. आता शंभर म्हणजे शंभर माणसं नव्हेत. त्या काळातली सर्वांत जास्त चौकशी ती शंभर धरायची आणि बाकीची तिच्या मानाने मोजायची, असा हिशेब होता. एरवी जिथे कुणीच काही विचारत नाही तिथे मूठभर माणसांनी विचारलं तरी रेघ आभाळाला भिडते. बाई हे साहेबांना अनेकदा समजावून थकल्या होत्या. पण खरं सांगायचं तर या वेळी त्यांनी फारसं समजावलं नाही. साहेब टेबलाशी खुर्ची ओढून बसले होते, त्यांनी स्वतःच्या पैशाने चहा मागवला होता आणि फ्रीजचं नाव काढलं नव्हतं. अशा वेळी शंभराचा अर्थ सांगत बसणं बाईंच्या जिवावर आलं.

“शंभर!” साहेब म्हणाले. “बाई, तुमची रेघ जागी झाली. कुठला विभाग म्हणालात?”

“तलावाचा.”

“तरीच. पाण्यातून पसरतंय. उद्यापासून तलाव बंद.”

बाईंनी कप खाली ठेवला. “साहेब, दवाखान्यांत तरी विचारून बघू. पाणी तपासू.”

“तपासू की. बंद करून तपासू. तो तलाव तसाही दुरुस्तीला आलाय. एकदा बंद केला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोण उघडतंय?”

साहेब गेल्यावर बाईंनी इतके दिवस टाळलेली गोष्ट केली. रेघेखालचे प्रश्न वाचायला घेतले.

पहिलाच प्रश्न होता, ‘माझे दोन्ही डोळे आले आहेत, तरी कृपया योग्य तो उपाय सुचवावा, ही नम्र विनंती.’ दुसरा होता, ‘डोळे आले असता काय करावे? सविस्तर उत्तर द्या.’ तिसऱ्यात डोळ्यांची तक्रार सांगून झाल्यावर ‘बाकी सर्व क्षेम’ असं लिहिलं होतं.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. पापण्या चिकटलेला, डोळ्यांतून पाणी गळत असलेला माणूस असं लिहीत नाही. तो कसंबसं दोन शब्द लिहितो आणि तेही चुकीचे. ‘सविस्तर उत्तर द्या’ म्हणणारा माणूस आजारी नसतो, तो मुख्याध्यापिका असतो.

मग त्यांनी वेळा पाहिल्या. रेघ रोज सकाळी एकदाच उसळायची, तलावावरची महिलांची वेळ संपते तेव्हा. दुपारी ठार झोपायची. आणि सोमवारी उठायचीच नाही. सोमवारी तलावाला साप्ताहिक सुट्टी असते. आठवड्याची सुट्टी घेणारी साथ बाईंनी आजवर पाहिली नव्हती.

त्या दिवशी जेवताना बाईंनी काही विचारलं नाही. भात वाढता वाढता सहज म्हणाल्या, “आई, उद्यापासून तलाव बंद होणार.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “बंद? का?”

“डोळ्यांची साथ आलीय म्हणे तिथे. रेघ शंभरावर गेली.”

“अगं, पण कुणाचेही डोळे आलेले नाहीत!”

“तुम्हाला काय माहीत?”

सासूबाई विचारात पडल्या. नवऱ्याने ताट उचललं.

“बस खाली,” बाई नवऱ्याला म्हणाल्या. तो बसला.

“हे बघ,” सासूबाई म्हणाल्या, “तूच म्हणालीस ना, रेघ वर जायला हवी? मग आम्ही पोहून झाल्यावर बाकावर बसून जरा विचारत होतो. सगळ्या मिळून. कुणाला त्रास नाही, काही नाही. आमच्या शिवणवालीला तर आधी फोनवर लिहिताच येत नव्हतं, ते आम्ही शिकवलं. तेवढंच पुण्य.”

“आई, पत्र लिहिल्यासारखं लिहिलंत तुम्ही. ‘बाकी सर्व क्षेम’ असं कोण विचारतं?”

“ते दंतवैद्याच्या आईचं,” सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. “मी तिला म्हटलं होतं. पण ती म्हणाली, अनोळखी ठिकाणी एकदम तक्रार कशी करायची.”

नवऱ्याला हसू फुटलं, ते त्याने पाण्यात बुडवलं.

“तुमच्यामुळे माझं टेबल राहिलं,” बाई म्हणाल्या, “आणि तुमचा तलाव गेला.”

सासूबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. खुर्चीला टेकवलेल्या काठीकडे एकदा पाहिलं. मग एकदम ताठ बसल्या. “तू काही बोलू नकोस साहेबांना. टेबल गेलं तर परत मिळायचं नाही. माझं काय, मी घरात फेऱ्या मारीन.”

घरात फेऱ्या मारायला तीन पावलांची बाल्कनी होती. सकाळी ऑफिस उघडताच बाई साहेबांच्या दारात उभ्या होत्या.

त्यांनी सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी दवाखान्यांत फोन लावून मिळवलेली माहितीही पुढे ठेवली. डोळ्यांचे रुग्ण नेहमीइतकेच होते. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

“म्हणजे तुमच्या सासूबाईंनी आख्ख्या आरोग्य खात्याला उल्लू बनवलं.”

“त्यांनी रेघ वर नेली. उल्लू आपण झालो. मीसुद्धा, कारण प्रश्न वाचले असते तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.”

“उत्तम. टेबल आजच उचला. जन्म-मृत्यूची खिडकी मोकळीच आहे.”

“उचलते. तेवढी तलावाची पाटी लावू नका.”

साहेबांनी घसा खाकरला. पाटी लावायला माणूस कधीच गेला होता. ऑफिसात एकाही कामाला इतकी घाई होत नसे. तलावाच्या फाटकावर ‘साथीच्या आजारामुळे बंद’ अशी पाटी पहाटेच लागली होती आणि तिचे फोटो एव्हाना शहरभर फिरत होते.

साहेबांनी फोन करून पाटी काढायला लावली. ती मात्र खरी चूक झाली. पाटी लावली तेव्हा शहराने फक्त मान वर केली होती. पाटी काढल्यावर शहर उठूनच बसलं. लावली का, आणि लावली तर काढली का, म्हणजे नक्की काहीतरी दडवतायत. दुपारपर्यंत साऱ्या विभागांची रेघ वर निघाली. बाईंचं टेबल उचलायला आलेले दोघे हमाल त्याच टेबलावर टेकून आपापल्या फोनवर डोळ्यांची चौकशी करत होते.

साहेब स्वतः वर आले. “बाई, हे काय चाललंय? या पण तुमच्या सासूबाईच का?”

“एवढ्या मैत्रिणी त्यांना नाहीत. हे शहर आहे.”

“मग साथ आहे की नाही?”

“साथ आहे. डोळ्यांची नाही, भीतीची.” बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “वाचा.”

साहेबांनी नोकरीत पहिल्यांदा रेघेखाली नजर टाकली. डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल कुणी विचारत नव्हतं. पापण्या सुजल्याचं कुणी म्हणत नव्हतं. लोक विचारत होते, तलावात काय सापडलं. तलावाचं पाणी आमच्या नळाला येतं का. नुसतं बघितल्याने डोळे येतात का. काळा चष्मा कुठे मिळेल. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बाईंच्या नवऱ्याने दुपारीच फोन करून दिलं होतं. दुकानातले काळे चष्मे संपले होते आणि मालकाने त्याला पहिल्यांदाच ‘अहो’ म्हटलं होतं.

“यांना नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून भागणार नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांनी जे विचारलंय त्याचीच उत्तरं द्यायला हवीत. बघितल्याने डोळे येत नाहीत. तलावाचं पाणी नळाला येत नाही. पाणी आज सकाळीच तपासून घेतलंय, स्वच्छ आहे. बंदची पाटी आमच्या चुकीने लागली.”

“आमच्या म्हणायलाच हवं का?”

“कुणाच्या म्हणू? माझ्या सासूबाईंच्या म्हटलं तर सगळं सांगावं लागेल.”

साहेबांनी ‘आमच्या’ मान्य केलं. बाईंनी पत्रक लिहून दिलं. शाळांत गेलं, दवाखान्यांत लागलं, शहराच्या वाहिनीवर वाचलं गेलं. एकेक प्रश्न गळत गेला. संध्याकाळी रेघ बरीच उतरली, पण एका जागी अडून बसली. आता बहुतेक सगळे एकच गोष्ट विचारत होते. बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि गंभीर चेहऱ्याने साहेबांपुढे ठेवली.

‘पाणी एवढं स्वच्छ आहे तर आरोग्य अधिकारी स्वतः का उतरत नाहीत?’

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, हे तर तुमच्या सासूबाईंचं नाही ना?”

“नाही. शुद्धलेखनाच्या चुका आहेत. हे खरे लोक आहेत.”

“मला पोहता येत नाही,” साहेब दार लोटून घेत हळूच म्हणाले. “लहानपणापासून पाण्याची भीती आहे.”

“कंबरभर पाण्यात उभं राहिलात तरी पुरे.”

“आणि घसरलो तर?”

“धरायला माणूस देते,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या कठड्याभोवती गर्दी होती. वाहिनीचा कॅमेरा होता. जीवरक्षक शिट्टी चमकवून आला होता. बदकांची शाळा आधीच पाण्यात होती, पण आज शिस्तीत, एका रांगेत. साहेब पोहण्याच्या पोशाखावर शर्ट घालून आले. शर्ट काढावा लागेल हे बहुधा शेवटच्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं. शिडीची पहिली पायरी उतरल्यावर त्यांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, प्रार्थना करतायत.

“डोळे उघडा,” खालून सासूबाई म्हणाल्या. “नाहीतर लोक म्हणतील, आले.”

साहेबांनी घाईने उघडले. सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. जमिनीवर काठीशिवाय दोन पावलं न टाकणारी ही बाई आपल्याला एवढ्या सहज ओढत नेतेय, याचं साहेबांना नवल वाटलं असावं, पण ते बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. पाणी कंबरेला लागलं, मग छातीला.

“इथे बास,” साहेब म्हणाले.

“इथे उभं राहून कोण विश्वास ठेवणार? लोकांना वाटेल, केस वाचवतायत. जरा उताणे व्हा. मान सैल सोडा. माझा हात आहे पाठीखाली.”

कॅमेऱ्यासमोर नाही म्हणता येईना. साहेब उताणे झाले. पोट वर आलं, पाय वर आले आणि आरोग्य अधिकारी शहराच्या तलावावर खरोखर तरंगू लागले. गर्दीतून टाळ्या आल्या. आलेखबाई कठड्यावर फोन हातात घेऊन बसल्या होत्या. फोनवर रेघ उतरत होती.

साहेबांच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा पाण्यातलं हसू आलं. सासूबाईंनी वाकून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मग सुनेच्या टेबलाचं काय ठरलं?”

साहेबांचे डोळे वर फिरले. “आत्ता?”

“मला काही घाई नाही. पण हात भरून येतोय माझा.”

“राहील,” साहेब म्हणाले. “टेबल राहील.”

“वा. महिनाअखेरपर्यंत?”

“नाही, नाही. कायम. फ्रीज दुसरीकडे लावू.”

“तुमचा स्वभाव चांगला आहे,” सासूबाई म्हणाल्या. “जन्म-मृत्यूची खिडकी?”

“दुसरा माणूस नेमतो. बाई, हात.”

“हात केव्हाच काढला मी,” सासूबाईंनी दोन्ही तळवे पाण्यावर आणून दाखवले. “तुम्ही आपले आपणच तरंगताय.”

हे ऐकताच साहेब बुडाले. तिथे पाणी छातीइतकंच होतं, त्यामुळे लगेच उभेही राहिले. नाकातून पाणी काढत त्यांनी आजूबाजूला पाहिलं. रांगेतल्या सगळ्या बायकांनी शब्दन्‌ शब्द ऐकला होता आणि ‘सविस्तर उत्तर द्या’वाल्या मुख्याध्यापिका त्यांच्याकडे बघून पुन्हा पुन्हा मान डोलवत होत्या. इतक्या साक्षीदारांपुढे शब्द फिरवणं शक्य नव्हतं.

“बाई,” साहेब कठड्याकडे वळून ओरडले, “रेघ कुठवर आली?”

“खाली आली, साहेब. झोपली.”

“झोपू द्या तिला,” साहेब म्हणाले आणि सासूबाईंकडे वळले. “ते मानेचं कसं म्हणालात? सैल सोडायची?”